ओसाड म्हणून शिकविलेली भूमि



कल्याणच्या शाळेंत मीं पस्तीस वर्षें भूगोल शिकविला. ‘वाळवंट म्हणजे ओसाड प्रदेश’ ही व्याख्या मुलांकडून घोकून घेतली. चुकणाऱ्यास बाकावर उभें केलें. निवृत्तीनंतर जेसलमेरनजीक थरच्या वाळवंटांत चार दिवस राहण्याचा योग आला, आणि बाकावर उभें राहण्याची पाळी माझी झाली.

पहांटे वाटाड्यानें वाळूकडे बोट दाखविलें. रात्रीं कोण कोण येऊन गेलें, त्याची तेथें हजेरीच लिहिलेली होती : खोकड, चिंकारा, एक लहानसा भुंगेरा. उन्हें वर येतां सेवण नांवाच्या गवतांतून एक उंच पक्षी संथ पावलें टाकीत निघाला. तो माळढोक! त्याची मादी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडें घालते. उडतांना समोरचें नीट दिसत नसल्यामुळें हा जड पक्षी विजेच्या तारांवर आदळून मरतो. आज सबंध जगांत हे दोनशेही उरलेले नाहींत. आपल्या सोलापूर जिल्ह्यांत नान्नजचें माळरान त्याच्याकरितां १९७९ सालीं राखून ठेवण्यांत आलें; तेथेंही आतां त्याचें दर्शन दुर्मिळ झालें आहे.

ज्या भूमीस आपण ओसाड म्हणतों, तिच्यावरून तारा ओढतांना फारसा विचार होत नाहीं. आणि तो शब्द मींच मुलांच्या तोंडीं घातला होता. माझ्या विद्यार्थ्यांपैकीं कोणी हें ऐकत असल्यास त्यानें ती व्याख्या पुसून टाकावी. चूक मास्तरांची होती.