घासाला वेळ लागतो
(त्रैमासिक सभेत दिलेले भाषण)



जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर बाळ सहा महिन्यांचे झाले की आपण आईला सांगतो, आता अंगावरच्या दुधाबरोबर वरचे अन्न सुरू करा. सल्ला बरोबरच आहे. पण काही बाळांची वाढ हळू असते. ती सहा महिन्यांना मान धरत नाहीत, टेकूनेही बसत नाहीत. चमचा लावला की जीभ घास बाहेर ढकलते. शेजारी म्हणतात, "नजर लागली." आईला वाटते, आपलेच काही चुकले.

एका पाड्यावर अशी अकरा महिन्यांची मुलगी आहे. तिला आडवे निजवून वाटीने पातळ पेज पाजत. ठसका लागे, वरचेवर छाती भरे. दिवाळीनंतर घरचे वीटभट्टीवर जाणार. आई मला म्हणाली, "ताई, ही लवकर खायला लागली पाहिजे. भट्टीवर हिच्यापाशी बसणार कोण?"

बंधुभगिनींनो, यात आईची हयगय नाही. गिळायलाही स्नायूंचे बळ लागते. मान स्थिर नसली की जीभ आणि जबडा नीट चालत नाहीत. पातळ पेज झरकन घशात उतरते आणि श्वासनळीत जाऊ शकते. म्हणून निजवून भरवू नये, नाक दाबून तर मुळीच नाही. दर वेळी ठसका लागत असेल, खाताना घशात घरघर होत असेल किंवा छाती वारंवार भरत असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवावे.

त्या मुलीला आम्ही तसेच नेले. तपासणीनंतर तिथल्या ताईंनी आईला रीत शिकवली. बाळाला मांडीवर ताठ बसवायचे, पाठीला आणि मानेला आधार द्यायचा, हनुवटी किंचित खाली ठेवायची. नागलीची खीर चमच्यावरून ओघळणार नाही इतकी दाट, बिनगुठळीची करायची. चमच्याच्या टोकावर थोडीच घ्यायची आणि गिळेपर्यंत थांबायचे. आता ती चार-पाच चमचे घेते. त्याला अर्धा तास लागतो. ती अजून बसत नाही. भट्टीवर जायचे की नाही, हे घरच्यांनी अजून ठरवलेले नाही.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला. त्याचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा मुले तपासते. वाढीतला उशीरही त्यात पाहिला जातो आणि पुढच्या उपचारासाठी चिठ्ठी मिळते. पण ती चिठ्ठी घेऊन शहरात जायचे म्हणजे एसटीचे भाडे, बुडालेली मजुरी आणि अनोळखी दवाखाना. चिठ्ठ्या घरातच राहतात त्या यामुळे.

आपण पाठवलेले खाऊचे डबे पोहोचतात, त्याबद्दल आभार. पण या घरांना त्याहून अधिक हवे आहे ते प्रवासाचे भाडे, दवाखान्यात सोबत येणारे माणूस, आणि आई कामावर असताना धीराने भरवणारा हात. मंडळीतल्या दोघी-तिघी बहिणी जरी हे शिकून घेतील, तरी मोठे काम होईल.

याइराच्या मुलीला प्रभूने उठवले आणि तिला खायला द्या असे सांगितले. उठवण्याचे काम त्याने केले, भरवण्याचे घरच्यांवर सोपवले. आपणही त्या घरचेच आहोत. या मुलीसाठी आणि तिच्या आईसाठी प्रार्थना करा, आणि कोण येऊ शकेल ते सभेनंतर मला सांगा.