चटईखालचा गंज

आमचें पुलगांव वर्धा नदीच्या कांठीं, मुंबई-नागपूर लोहमार्गावर वसलेलें. आर्वीकडील माल एके काळीं १९१७ सालीं सुरू झालेल्या अरुंद रुळांच्या गाडीनें येथें येई. ती गाडी बंद पडली. आतां त्या भागांतील कापूस लहान मालवाहू मोटारींतून येतो. अशा मोटारीचा उघडा हौदा कसा जपावा, हा आजचा विषय. तो कोणास क्षुल्लक वाटेल. पण ज्याच्या घरची चूल त्या हौद्यावर पेटते, त्यास तसा वाटत नाहीं.

माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानें कर्ज काढून अशी गाडी घेतली. हंगामांत कापूस, उन्हाळ्यांत शेणखत, पावसाळ्याच्या तोंडीं रासायनिक खताचीं पोतीं, असा त्याचा वर्षाचा क्रम. हौद्याचा रंग खरवडूं नये म्हणून त्यानें मला विचारलें, आणि मीं मोठ्या अधिकारानें सांगितलें, "जाड रबरी चटई अंथर आणि निश्चिंत हो." तो निश्चिंत झाला. दोन पावसाळ्यांनंतर चटई उचलली, तों पत्र्याची चाळण झालेली! तांबडे डाग पडल्यामुळें एका खेपेच्या कापसाला भावही कमी मिळाला होता. त्यानें मला दोष दिला नाहीं. तेंच मला अधिक लागलें.

चूक कोठें झाली? गंज चढण्यास लोखंड, पाणी आणि हवेंतील प्राणवायु हीं तिन्ही लागतात. त्यांत क्षार मिसळले कीं काम झपाट्यानें होतें. पोटॅश म्हणून मिळणारें खत बहुधा पोटॅशियम क्लोराइड, म्हणजे मिठाचेंच भावंड. शेणखतांतही क्षार असतातच. चटईनें ओरखडे थांबविले खरे, पण खालीं खारट ओल कोंडून ठेवली.

तेव्हां खत उतरविल्यावर त्याच दिवशीं हौदा झाडून स्वच्छ पाण्यानें धुवावा. फाळका उघडून गाडी उतारावर उभी करावी आणि पाणी निघून जाण्याचीं भोकें काडीनें मोकळीं करावींत. चटई अवश्य घालावी. मात्र पावसाळ्यांत ती दर आठवड्यास उचलून हौदा व चटई दोन्ही पुरतीं वाळवावींत. ओरखडा दिसतांच तारेच्या ब्रशानें व कांचकागदानें घासून चकचकीत पत्रा दिसूं द्यावा. मग कोरड्या पत्र्यावर रेड ऑक्साइडचें अस्तर आणि तें वाळल्यावर रंगाचे दोन हात द्यावेत. गंजावरच रंग फांसला तर तो पोपडे धरून लवकरच निघतो. नवा तळ बसवावयाचा झाल्यास जस्ताचा मुलामा असलेला पत्रा घ्यावा. जस्त स्वतः झिजून लोखंडास वांचवितें.

आपल्यापैकीं पुष्कळांच्या घरीं मालमोटार नसेल. पण माळ्यावरील लोखंडी पेटीखालीं एखादें गोणपाट असेल, गच्चीवरील कुंड्यांखालीं लोखंडी घडवंची असेल. उद्यां सकाळीं तीं एकदां उचलून पाहा.

माझ्या विद्यार्थ्याच्या गाडीला आतां नवा तळ आहे, चटईही आहे. दर रविवारीं ती चटई त्याच्या कुंपणावर उन्हांत पसरलेली दिसते. तिकडून जातांना मी ती पाहतों, आणि कांहीं न बोलतां पुढें जातों.