पऱ्हाटी पेटवण्याआधी
(जिल्हा बैठकीतील भाषण)



खताच्या भावासाठी आपण सरकारशी भांडतो. भांडलंच पाहिजे. पण उन्हाळ्यात बांधावर पऱ्हाटी पेटवतो, तेव्हा आपलंच खत आपण जाळतो. त्यातलं नत्र बहुतेक धुरात जातं. राखेत पालाश उरतं. आणि ज्या काडीकचऱ्यावर गांडुळं, बुरशी, जिवाणू जगतात, तो त्यांचा घासही जातो. हेच जीव मातीचे कण बांधून जमीन भुसभुशीत ठेवतात. ते उपाशी राहिले की जमीन दबते, पाणी मुरत नाही. कोरडवाहूवाल्याचं धरण म्हणजे त्याची माती. ते आपणच फोडायचं का?

कुणी म्हणेल, पऱ्हाटी ठेवली तर बोंडअळी येईल. खरं आहे. २०१७ साली गुलाबी बोंडअळीनं काय केलं, ते विसरलो नाही. उरलेल्या किडक्या बोंडांत ती दडून राहते. म्हणून पऱ्हाटी शेतात उभी ठेवायचीच नाही. उपटा, बारीक तुकडे करा, शेण-पाणी टाकून खड्ड्यात कुजवा. चांगल्या तापलेल्या ढिगात अळी टिकत नाही. कच्चीच गाडू नका. ती कुजवताना जिवाणू पिकाच्या वाटणीचं नत्र ओढतात आणि पीक पिवळं पडतं.

याला मजुरी लागते, हे मला ठाऊक आहे. ती मजुरी आणि मातीची झीज कापूस-ज्वारीच्या उत्पादन खर्चात धरलीच पाहिजे. हिशेब मांडू, भाव मागू. पण यंदा निदान एका एकराची पऱ्हाटी वाचवा.