देवगडहून निघालेलं पत्र



मार्च महिना सरत आला होता, तेव्हाची गोष्ट. देवगडच्या एका आंबा बागायतदारांचा मला फोन आला. वयानं मोठे, म्हणून मी त्यांना काका म्हणतो. हापूसच्या पेट्या ते दलालाला न देता थेट घरोघरी पाठवतात आणि दरवर्षी हंगामाच्या तोंडावर सगळ्या गिऱ्हाइकांना एक ईमेल करतात. यंदा मोहोर कसा आहे, पहिली पेटी कधी निघेल, भाव काय राहील, एवढंच त्यात असतं. काका म्हणाले, "अहो, सहा हजार मेल गेलेत. डिलिव्हर्ड अठ्ठ्याण्णव टक्के, असं समोर लिहून आलंय. आणि फोन आले चार! लोकांना यंदा आंबा नकोय का?"

काकांच्या यादीत माझाही पत्ता आहे. मी माझा इनबॉक्स पाहिला, तिथं काही नव्हतं. मग स्पॅमचं फोल्डर उघडलं. लॉटरीचं बक्षीस आणि दहा मिनिटांत कर्ज, या दोन मेलांच्या मध्ये काकांचा मोहोर पडला होता. आठ दिवस झाले होते. जीमेल स्पॅममधली पत्रं तीस दिवसांनी आपोआप पुसून टाकतं. म्हणजे आंबा पिकायच्या आत निरोप नाहीसा होणार होता.

छोट्या व्यावसायिकांचे मेल पाठवून देणं हे माझं रोजचं काम आहे, आणि या कामात सर्वांत जास्त फसवणारा शब्द कोणता, तर 'डिलिव्हर्ड'. एका सर्व्हरनं दुसऱ्या सर्व्हरला पत्र दिलं की समोरून 250 हा आकडा येतो. त्याचा अर्थ, घेतलं. सोसायटीच्या गेटवर वॉचमननं टपालाचा गठ्ठा ठेवून घ्यावा, तसं. त्यातलं कोणतं पत्र वर तुमच्या घरी जाईल आणि कोणतं जिन्याखालच्या खोक्यात पडेल, हे त्यानंतर ठरतं, आणि ते पाठवणाऱ्याला कुणी कळवत नाही. त्या अठ्ठ्याण्णव टक्क्यांत खोक्यात पडलेली पत्रंही मोजलेली असतात.

मग खरंच इनबॉक्समध्ये किती जातात? हे मोजणाऱ्या कंपन्या जीमेल, याहू, आउटलुक अशा ठिकाणी स्वतःचे चाचणीपुरते पत्ते उघडून ठेवतात, तुमचा मेल त्यांवर मागवतात आणि तो कुठं पडला ते पाहतात. सहा मेलांपैकी साधारण एक इनबॉक्सपर्यंत जात नाही, असा हिशोब त्यांच्या अहवालांत वारंवार येतो. पण हे सरासरीचं गणित आहे. शिवाय चाचणीच्या पत्त्यामागे माणूस नसतो. तो आंबा मागवत नाही, उलट उत्तर लिहीत नाही, कंटाळून मेल पुसतही नाही. खऱ्या इनबॉक्सची चाळणी मात्र त्या त्या माणसाच्या या सवयीही बघून पत्र आत घेते. त्यामुळे एकच मेल नवऱ्याच्या इनबॉक्समध्ये आणि बायकोच्या स्पॅममध्ये, असं एका घरात घडू शकतं.

'किती जणांनी उघडला' हा आकडाही आता भरवशाचा राहिलेला नाही. मेलमध्ये डोळ्यांना न दिसणारं एक ठिपक्याएवढं चित्र लपवलेलं असतं. ते चित्र उतरलं की मेल उघडला, असं धरतात. सप्टेंबर 2021 पासून ॲपलच्या मेल ॲपमध्ये अशी सोय आली, की ती चालू असेल तर सगळी चित्रं आधीच उतरवून घेतली जातात, माणसानं मेल पाहो वा न पाहो. वाचणाऱ्याच्या दृष्टीनं हे चांगलंच झालं. आपण पत्र कधी, कुठं बसून वाचलं, हे दुकानदाराला कशाला कळायला हवं?

काकांच्या मेलकडे वळतो. जीमेलमध्ये कोणत्याही मेलच्या कोपऱ्यातल्या तीन ठिपक्यांवर गेलात की 'शो ओरिजिनल' असा पर्याय मिळतो. तो दाबला की पत्राची कुंडली समोर येते. काकांच्या कुंडलीत तीन ओळी होत्या. एसपीएफ पास. डीकेआयएम पास. डीमार्क फेल. दोन विषयांत पास होऊनही मुलगा नापास, हे काकांना काही केल्या पटेना.

कारण जुनं आहे. ईमेल पोचवण्याची आजची पद्धत 1982 मध्ये जॉन पोस्टेल यांनी लिहून ठेवली. तेव्हा संगणकांचं हे जाळं वापरणारे लोक मोजके होते, एकमेकांना ओळखणारे. पाठवणाऱ्याच्या नावाच्या जागी काहीही लिहिलं तरी तपासायची सोय त्यात ठेवली नव्हती. पुढे त्याच मोकळीकीतून बँकांच्या नावानं खोटी पत्रं निघू लागली आणि वरून कुलपं बसवावी लागली. एसपीएफ म्हणजे 'माझ्या नावानं पत्र टाकायची परवानगी या सर्व्हरांनाच आहे' अशी जाहीर यादी. डीकेआयएम म्हणजे पाकिटावरची लाखेची मोहर, वाटेत कुणी मजकूर बदलला तर ती मोडते. आणि डीमार्क विचारतं, की ही यादी किंवा ही मोहर, निदान एक तरी, पत्रावर ज्याचं नाव आहे त्याचीच आहे ना?

काकांनी मेल पाठवला होता एका मोठ्या प्रमाणावर मेल पाठवणाऱ्या सेवेतून, आणि प्रेषक म्हणून घातला होता स्वतःचा फुकटचा जीमेलचा पत्ता. यादी आणि मोहर त्या सेवेची, नाव जीमेलचं. एकाचाही मेळ बसेना. जीमेलचं नाव पुढे करून बाहेरून मेल पाठवू नका, हे गूगलनं फेब्रुवारी 2024 पासूनच्या नियमांत सगळ्यांनाच सांगितलं आहे, लहान असो की मोठा. काकांनी कुणालाही फसवलं नव्हतं, पण त्यांचं पत्र फसवणाऱ्याच्या पत्रासारखं दिसत होतं.

हा दोष अर्ध्या दिवसात दुरुस्त झाला. बागेच्या नावाचं डोमेन घेतलं, त्याच्या तीन नोंदी केल्या, तिन्ही ओळी पास झाल्या. खरं दुखणं यादीत होतं.

मी विचारलं, "काका, हे सहा हजार पत्ते आले कुठून?" चौदाशेच्या आसपास त्यांची खरी गिऱ्हाइकं होती. बाकीचे पत्ते कुणीतरी पेन ड्राइव्हवर आणून विकले होते. त्यांत बंद पडलेल्या कंपन्यांचे पत्ते होते, निवृत्त झालेल्या माणसांचे होते. असे सोडून दिलेले पत्ते काही ठिकाणी मुद्दाम सापळा म्हणून चालू ठेवतात. त्यांवर जाहिरात आली की पाठवणाऱ्यानं परवानगी घेतलेली नाही किंवा यादी कधी साफ केलेली नाही, हे आपोआप उघड होतं.

आणि जिवंत पत्त्यांवर जिवंत माणसं असतात. ज्यानं कधी आंबा मागितला नाही, तो 'स्पॅम' हे बटण दाबतो. गूगलच्या त्याच नियमांत तक्रारींची मर्यादा आहे 0.3 टक्के, आणि शक्यतो 0.1 टक्क्याच्या खाली राहा असा सल्ला आहे. म्हणजे हजार माणसांत तीन तक्रारी झाल्या की संकट, हजारी एकाहूनही कमी असल्या तर बरं. त्या तीन माणसांच्या रागाची किंमत उरलेली नऊशे सत्त्याण्णव माणसं मोजतात, ज्यांना पत्र हवं असतं. मला हे फार अस्वस्थ करतं. विकत घेतलेली यादी वापरणारा मनुष्य परक्याला त्रास देतोच, पण स्वतःच्या जुन्या गिऱ्हाइकापर्यंतची वाटही बुजवतो.

मी काकांना सांगितलं, विकतचे ते साडेचार हजारांवर पत्ते काढून टाका. आणि 'हे मेल नकोत' ही ओळ पत्राच्या अगदी वर, मोठ्या अक्षरांत घाला. ते घाबरले. "वर घातली तर लोक निघून जातील हो!" मी म्हटलं, जाऊ द्या. ज्याला बाहेर पडायचं दार सापडत नाही, तोच तक्रारीचं बटण दाबतो. एका दिवसात जीमेलच्या पत्त्यांवर पाच हजारांहून जास्त मेल पाठवणाऱ्या जाहिरातदारांना तर एका टिचकीत नाव कमी करायची सोय द्यावीच लागते आणि दोन दिवसांत ते नाव काढावं लागतं. आपल्याकडच्या 2023 च्या व्यक्तिगत डेटा संरक्षण कायद्यातही म्हटलं आहे, की संमती मागे घेणं हे ती देण्याइतकंच सोपं असलं पाहिजे. मला हे वाक्य कायद्यातलं कमी आणि घरातलं जास्त वाटतं. पाहुण्याला 'निघतो' म्हणता आलं पाहिजे.

तो हंगाम वायाच गेला. बराचसा माल शेवटी काकांना वाशीच्या बाजारात घालावा लागला.

पुढच्या वर्षी आम्ही फेब्रुवारीतच सुरुवात केली. नव्या डोमेनची कुणाला ओळख नसते, म्हणून एकदम सगळ्यांना पाठवलं नाही. आधी शंभर जण, तेही मागच्या दोन वर्षांत पेटी घेतलेले. दोन दिवसांनी आणखी दोनशे. मजकुरातली लाल अक्षरं आणि उद्गारचिन्हं काढली. मोहोराचा काकांनी स्वतः काढलेला एकच फोटो ठेवला आणि शेवटी एक ओळ घातली: 'पेटी हवी असेल तर याच मेलला उत्तर लिहा.' माणूस उत्तर लिहितो, तेव्हा चाळणीला कळतं की ही ओळखीची माणसं आहेत.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी काकांचा फोन आला. आलेलं उत्तर त्यांना मला वाचून दाखवायचं होतं. ठाण्याच्या एका आजींनी लिहिलं होतं: 'मागच्या वर्षी तुमचं पत्र आलं नाही. आम्हाला वाटलं, तुम्ही बाग विकलीत. विचारायचा धीर झाला नाही. दोन पेट्या धरा.'