दोन गन, दोन निकाल



एका प्रयोगशाळेत आठ किलोव्होल्टला पास झालेला डिजिटल मीटर दुसरीकडे सहालाच रीसेट होतो. मीटर तोच, मानक तेच, बदललेली असते फक्त ईएसडी गन, म्हणजे स्थिर विजेची ठिणगी पाडणारे चाचणीचे यंत्र. मग फोनाफोनी सुरू होते. उत्पादक पासचा अहवाल पुढे करतो, गिऱ्हाईक फेलचा, आणि दोन्ही प्रयोगशाळा आपापले कॅलिब्रेशन सर्टिफिकेट काढून दाखवतात. गंमत म्हणजे दोन्ही सर्टिफिकेटे खरी असतात.

याचे कारण मानकातच आहे. हातात धातूची वस्तू धरलेल्या माणसाकडून पडणाऱ्या ठिणगीची नक्कल आयईसी ६१०००-४-२ मध्ये बांधून दिली आहे : १५० पिकोफॅरडचा कपॅसिटर ३३० ओहममधून रिकामा करायचा. आठ किलोव्होल्टच्या कॉन्टॅक्ट डिस्चार्जला प्रवाहाचे पहिले शिखर ३० अँपिअर हवे, पंधरा टक्के इकडे-तिकडे चालते. म्हणजे २५.५ देणारी गनही बरोबर आणि ३४.५ देणारीही बरोबर. तीस नॅनोसेकंदांपाशी १६ अँपिअर अपेक्षित आहेत, पण तिथे सूट तीस टक्क्यांची, ११.२ पासून २०.८ पर्यंतचे सगळे आकडे खपून जातात.

सगळे खापर या सुटीवर फोडता येणार नाही. कॅलिब्रेशनमध्ये मोजला जातो तो टोकातून टार्गेटमध्ये उतरणारा प्रवाह. गनच्या पोटातला रिले आणि मागे लोंबणारा ग्राउंड स्ट्रॅप भोवती जे क्षेत्र उधळतात, त्याला मर्यादा घातलेली नाही. आणि आजची झटपट चालणारी सर्किटे बिथरतात ती बहुतेकदा त्या क्षेत्रामुळे. अमेरिकेत मिझुरीला संशोधक डेव्हिड पोमरेंके आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगवेगळ्या गन एकाच उपकरणावर लावून पाहिल्या, तेव्हा उपकरण कोलमडण्याची पातळी गनगणिक वेगळी निघाली.

स्ट्रॅपचेच पाहा. तो दोन मीटरचा असतो. चाचणी करणारा एक जण तो टेबलापासून लांब ओढून धरतो, दुसऱ्याचा आडव्या पत्र्याच्या कडेला घासत राहतो. लूपचा आकार बदलला की शिखरानंतरच्या प्रवाहाचा तोलही बदलतो. अहवालात मात्र दोघांची ओळ एकच : ‘मानकानुसार चाचणी केली.’

हवेतून ठिणगी पाडायची असेल तर रायगडच्या किनाऱ्यावरच्या माणसाला आणखी एक काळजी. मानकाला तीस ते साठ टक्के आर्द्रता लागते. पावसाळ्यात इथे ती खोलीबाहेर शोधून सापडायची नाही. एसी आणि डीह्युमिडिफायर लावून पट्टा गाठला, तरी तीस आणि साठ या दोन टोकांना ठिणगी सारखी नसते. कोरड्या हवेत ती उशिरा पेटते. तोवर गनचे टोक आणखी जवळ आलेले असते, ठिणगी आखूड होते आणि प्रवाह जास्त उभा चढतो. त्यात हाताचा वेग! इथे एकाच गनचे दोन निकाल निघतात.

मोजमापाचा असा पेच या किनाऱ्याला नवा नाही. मुंबईची घोड्यांची ट्राम विजेवर न्यायचे ठरले, तेव्हा कुलाब्याच्या वेधशाळेतल्या चुंबकीय नोंदी बिघडणार हे उघड होते. तिथली नोंद १८४१ पासूनची. संचालक नानाभॉय मूस यांच्या काळात अलिबागला, लोखंडाचा अंश टाळून, पोरबंदरच्या पारखून घेतलेल्या दगडात नवी वेधशाळा उभी राहिली. १९०४ मध्ये तिथे नोंदी सुरू झाल्या, पण कुलाबा लगेच बंद केले नाही. १९०६ पर्यंत दोन्हीकडची उपकरणे बरोबरीने चालली. विजेची ट्राम धावली ती १९०७ मध्ये. दोन ठिकाणचे आकडे जुळणार नव्हतेच. किती जुळत नाहीत, ते या काळात कागदावर आले. त्यामुळे कुलाब्याची मालिका अलिबागला पुढे जोडता आली.

ईएसडीच्या धंद्यात नेमके हेच होत नाही. प्रयोगशाळा जुनी गन विकते, नवी घेते, आणि दोघींचा एकत्र एक दिवसही जात नाही. पुढच्या महिन्यात जुना मीटर फेल झाला की दोष डिझाइनरच्या माथी. तो बिचारा पीसीबीवर कपॅसिटर वाढवत बसतो.

तेव्हा अध्यक्षपदावरून मागणी एवढीच. अहवालात गनची मेक, मॉडेल आणि सीरियल नंबर असावा, शिवाय टेबलावर स्ट्रॅप कसा पडला होता त्याचा फोटो. गन बदलताना जुनी जाण्याआधी दोन्ही एकाच मीटरवर, एकाच दिवशी, एकाच माणसाने चालवाव्यात. आणि किनारपट्टीवरच्या व पुण्याच्या प्रयोगशाळांनी मिळून एक साधा बोर्ड ठरवावा, तो टपालाने फिरवावा आणि ज्याच्या हाती तो जाईल त्याने किती किलोव्होल्टला रीसेट झाला ते लिहून पुढे पाठवावे. टपालखर्चावरून वाद होईल, तो चहाच्या वेळेत मिटवता येईल. बोर्ड कोणी बनवायचा, हे मात्र दुपारच्या सत्रापूर्वी ठरवायला हवे.