परिचारिकेच्या हातीं अधिकार

(महोत्सवी वर्षांत, ११ फेब्रुवारी रोजीं, जागतिक रुग्णदिनाच्या सभेंत झालेलें भाषण)



महोत्सवाच्या वर्षीं पूर्वजांचें गुणगान होणें उचितच आहे. परंतु आज रुग्णदिन असल्यामुळें आम्ही आपलें लक्ष एका निराळ्या गोष्टीकडे वेधूं इच्छितों. रोग्याला औषध मिळण्यापूर्वीं त्याला तपासणारें जाणतें माणूस मिळावें लागतें, आणि तें माणूसच दुर्मिळ झालें आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या गणनेप्रमाणें २०२३ सालीं सर्व जगांत २ कोटी ९८ लक्ष परिचारिका होत्या, तरीहि ५८ लक्षांची उणीव होती. डॉक्टरांचा ओढा तर शहरांकडे. खेड्यांतील आजाऱ्याला त्यांच्यापर्यंत पोहोंचण्यांतच एक दिवस व एका दिवसाची मजुरी गमवावी लागते.

या अडचणींतून एक वाट अमेरिकेंतील कोलोरॅडो विद्यापीठांत १९६५ सालीं निघाली. लॉरेटा फोर्ड या परिचारिकेनें खेड्यापाड्यांतून आरोग्यसेवेचें काम केलें होतें. हेन्री सिल्व्हर हे बालरोगतज्ज्ञ होते. मुलांना तपासावयास डॉक्टर पुरत नाहींत हें दोघांनाहि ठाऊक होतें. मुलांची तपासणी करणें, नेहमींचीं दुखणीं ओळखून त्यांवर उपचार करणें व अवघड रोगी वेळींच डॉक्टरांकडे पाठविणें, हें काम अनुभवी परिचारिकांना अधिक शिक्षण देऊन त्यांनीं त्यांच्याकडे सोंपविलें. अशा परिचारिकेस 'नर्स प्रॅक्टिशनर' हें नांव पडलें. विरोध डॉक्टरांकडून झाला, आणि परिचर्याशिक्षणाच्या धुरीणांकडूनहि झाला. परंतु जानेवारी २०२५ मध्यें वयाच्या १०४ व्या वर्षीं फोर्डबाई निवर्तल्या, तेव्हां त्यांच्या देशांत अशा परिचारिकांची संख्या ३,८५,००० च्या वर गेली होती. तेथील निम्म्याहून अधिक राज्यांनीं त्यांना डॉक्टरच्या देखरेखीवांचून तपासण्याचा व औषध लिहून देण्याचा अधिकार कायद्यानें दिला आहे.

यांत रोग्याला धोका नाहीं काय, असा प्रश्न कोणीहि विचारील, आणि तो विचारलाच पाहिजे. कॉक्रेन या संशोधनसंस्थेनें २०१८ सालीं अशा १८ प्रयोगांची छाननी प्रसिद्ध केली. प्राथमिक उपचारांत डॉक्टरच्या जागीं सुशिक्षित परिचारिका असतां रोग्यांची प्रकृति बहुधा तितकीच किंवा किंचित् अधिक चांगली राहते, असा तिचा निष्कर्ष आहे. परिचारिका रोग्यास वेळहि अधिक देते. मात्र हें सारें फळ शिक्षणाचें आहे. शिक्षणावांचून अधिकार देणें म्हणजे रोग्याच्या जिवाशीं खेळणें होय.

अधिकार कोणाच्या हातीं असावा, हा प्रश्न ख्रिस्तसभेलाहि नवा नाहीं. एके काळीं धर्मभगिनींनीं बाळंतपणें करण्यास मनाई असे. मेरी ग्लोरी या ऑस्ट्रेलियन डॉक्टर १९२० सालीं गुंटूरला आल्या व धर्मभगिनी झाल्या. वैद्यकी करण्यासाठीं त्यांना पोपमहाराजांची खास परवानगी लागली. त्यांनीं तेथील स्त्रियांस औषधें देणें, सुईणीचें काम व शुश्रूषा शिकविली. पुढें १९३६ सालीं, ११ फेब्रुवारी याच तारखेस, रोमहून निघालेल्या आदेशानें मिशनप्रांतांतील धर्मभगिनींना योग्य शिक्षण घेऊन वैद्यकी व प्रसूतीचें काम करण्याची मोकळीक मिळाली. माता व अर्भकें मरतांना दिसलीं, तेव्हां नियमानें वाट करून दिली.

आपल्या देशांतहि सरकारनें २०१८ पासून उपकेंद्रांवर 'समुदाय आरोग्य अधिकारी' नेमण्यास आरंभ केला. मैदानी प्रदेशांत ५,००० व डोंगराळ किंवा आदिवासी भागांत ३,००० लोकांमागें एक उपकेंद्र असावें, असा दंडक आहे. या अधिकाऱ्यांत परिचर्येचे पदवीधर आहेत, तसे आयुर्वेदाचेहि आहेत. ते रक्तदाब व मधुमेह तपासतात, ठरलेलीं औषधें देतात आणि गरज पडतां दूरसंवादानें डॉक्टरांचा सल्ला घेतात. त्याच वर्षीं प्रसूतिसेवेसाठीं परिचारिकांना १८ महिन्यांचें विशेष शिक्षण देण्याचेंहि ठरलें. अमेरिकेंतील परिचारिकेइतका अधिकार येथें अद्याप नाहीं. पण दिशा तीच आहे.

आतां आपल्या घरांकडे वळूं. "ती काय, नर्स आहे!" असें म्हणून आपण उपकेंद्रावरून पुढें जातों, आणि ज्याच्या पदवीचा पत्ता नाहीं अशा माणसाकडून सुई टोंचून घेतों. रक्तदाब कधीं मोजून घेत नाहीं, आणि अर्धांगाचा झटका आला म्हणजे रात्रीं गाडी शोधीत फिरतों.

तसेंच परिचारिका म्हणजे डॉक्टरची स्वस्त बदली, असें सरकारनेंहि समजूं नये. वॉर्डांतील परिचारिका तपासणीच्या खोलींत बसविली कीं वॉर्ड ओस पडतो. म्हणून त्यांची संख्या वाढली पाहिजे, आणि वाढत्या जबाबदारीबरोबर वेतन, पद व कायद्याचें संरक्षणहि वाढलें पाहिजे. आपल्या किती मुली या कामासाठीं परदेशीं गेल्या, हें प्रत्येक आळीला ठाऊक आहे. आम्ही त्यांना दोष देत नाहीं. मान व मोबदला जेथें मिळाला तेथें त्या गेल्या.

या महोत्सवानिमित्त आम्ही आपणांकडे तीन गोष्टी मागतों. वडील माणसांनीं ठराविक मुदतीनें उपकेंद्रावर जाऊन रक्तदाब तपासून घ्यावा. मुलगी किंवा मुलगा परिचर्येचें पुढील शिक्षण घेऊं म्हणेल तर घरच्यांनीं आडकाठी करूं नये, व धर्मग्रामानें फीचा भार उचलण्यास हात लावावा. आणि उपकेंद्रांतील सिस्टरांना आपल्या सभेंत सन्मानानें बोलावून त्यांचें म्हणणें ऐकावें. हें मंदिर पूर्वजांनीं घाम गाळून उभारलें. रोग्याच्या उशाशीं जाणत्या हातांची सोय करणें आपल्या पिढीच्या वांट्यास आलें आहे. तें आपल्या हातून घडो, व परमेश्वर आपणां सर्वांचें कल्याण करो.