दोन फुटी वाफा आणि आपली बाग

(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



समितीची मंडळी मला म्हणाली, "काकू, पाच मिनिटं बागेवर बोला." आता बाग आहे कुठे, हा प्रश्न तुम्हा सगळ्यांनाच पडला असेल. गेल्या वर्षी इमारतींची मोठी दुरुस्ती झाली. परांच्या बांधल्या, ड्रेनेजची लाइन नवीन टाकली. कामं चांगली झाली, पण कडेची झाडं गेली. उरले ते कंपाउंडच्या भिंतीलगतचे दोन फूट रुंदीचे उघडे पट्टे. तिथे पेव्हर ब्लॉक बसवून दुचाक्या लावाव्यात, अशी सूचना वार्षिक सभेत आली. शेवटी सभेने एक वर्ष दिलं आहे. वाफे हिरवे झाले तर राहतील, नाहीतर पार्किंग. म्हणून आज फुलांचं कौतुक बाजूला ठेवते आणि हिशोब सांगते.

पहिली गोष्ट, ऊन. सकाळी नऊ, दुपारी बारा आणि संध्याकाळी चार, अशा तीन वेळा खाली उतरून बघा. आत्ता मे महिन्यात इमारतीच्या उत्तरेकडच्या वाफ्यावरही सकाळ-संध्याकाळ ऊन दिसतंय, त्यावर जाऊ नका. आपल्या पुण्यात मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो, नंतर तो दक्षिणेला झुकतो. डिसेंबरात तो वाफा पूर्ण सावलीत जाणार. तिथे मोगरा लावला तर पानं येतील, फुलं नाहीत. तिथे स्पायडर लिली, नेचे, सिंगोनियम, ड्रॅसिना हीच मंडळी सुखाने राहतील.

दुसरी गोष्ट, माती. पट्ट्यात वरवर माती दिसते, पण खाली दुरुस्तीचा राडारोडा आहे. दीड फूट खणून विटा, प्लास्टरचे तुकडे, सिमेंटचे गोळे काढावेच लागतील. मग दोन घमेली चांगली माती आणि एक घमेलं कुजलेलं शेणखत, या हिशोबाने भरायचं. सिमेंट आणि चुन्यामुळे माती अल्कधर्मी होते. अशा मातीत एक्झोरा आणि अनंत यांना लोह मिळत नाही. शिरा हिरव्या आणि पान पिवळं, असं दिसायला लागतं. म्हणून नव्या प्लास्टरच्या भिंतीशी हे दोघं आत्ताच नकोत. आणि इमारतीला लागून जिथे वाफा आहे, तिथे मातीची पातळी जोत्याच्या खालीच ठेवा, नाहीतर तळमजल्याच्या भिंतींना ओल येईल.

आता झाडं कुठली? वड, पिंपळ, उंबर, गुलमोहर यांचं नाव दोन फुटी वाफ्यात काढायचं नाही. मुळं भिंतीत आणि पाइपात शिरतात. शिवाय १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्यानुसार झाड मोठं झाल्यावर वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय तोडता येत नाही. कण्हेर काटक आहे, पण तिचा प्रत्येक भाग विषारी. मुलं खेळतात तिथे ती नको. उन्हाच्या बाजूला बुटकी तगर, मोगरा, कुंती आणि कडेला पावसाळी लिली पुरे. जास्वंद मला फार आवडते, पण ती सहज चार-पाच फूट पसरते. तिला गेटजवळचा रुंद कोपरा द्या.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं, अंतर. रोप आणताना ते केवढं आहे हे बघू नका, पूर्ण वाढल्यावर केवढं पसरेल हे विचारा. जेवढा पसारा, तेवढं दोन रोपांत अंतर. भिंतीपासून त्याच्या निम्मं. दोन फुटी वाफ्यात रोप बरोबर मध्यावर, म्हणजे भिंतीपासून एक फुटावर बसतं. त्यामुळे दोन-अडीच फूट पसरणारं झाडच तिथे शोभतं. नागमोडी दोन ओळी करायच्या तर वाफा निदान तीन फुटी हवा. आपल्याकडे एकच ओळ.

दक्षिणेचा वाफा ६० फूट लांब आहे. नर्सरीवाला म्हणेल फुटाफुटावर लावा, लगेच भरलेलं दिसतं. म्हणजे ६० रोपं. अडीच फुटांवर लावली तर २४. पहिलं रोप टोकापासून सव्वा फुटावर, मग दर अडीच फुटाला एक. दाटी केली की दोन वर्षांत खालची पानं झडतात, हवा खेळत नाही, पिठ्या ढेकूण बसतो आणि निम्मी रोपं उपटावी लागतात. अपवाद एकच, कुंतीचं कुंपण. ते मुद्दाम दीड फुटावर लावतात, पण मग नेमाने छाटायची तयारी हवी.

तुम्ही म्हणाल, काकू, २४ रोपांनी वर्षभरात हिरवं कसं दिसणार? सभा तर विचारणार! त्यासाठी मधल्या मोकळ्या जागेत सदाफुली, झेंडू, ऑफिस टाइम लावा. ती दोन-तीन महिन्यांत जागा भरतात, माती झाकतात, आणि मोठी रोपं पसरली की आपण ती काढून टाकतो. चेंबरच्या झाकणाशेजारी मात्र काही लावू नका, दोन-दोन फूट मोकळं सोडा. तिथे कुंड्या ठेवल्या तर सफाईच्या दिवशी उचलता येतील.

लागवड जूनच्या चांगल्या पावसानंतर करायची, आत्ता मेच्या उन्हात नाही. तोवर खणून, राडारोडा काढून, खत घालून वाफे तयार ठेवू. पावसाळा आपल्याला सांभाळून घेईल. खरी परीक्षा पुढच्या मार्च ते मे. त्या तीन महिन्यांत कुठल्या विंगने कुठल्या वाफ्याला पाणी घालायचं, याची यादी आजच नोटीस बोर्डावर लागू दे. नावं नसली तर रोपं आणूच नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

ज्यांना पार्किंग हवं होतं त्यांचीही अडचण खरी आहे, दुचाक्या वाढल्या आहेत. पण संध्याकाळी कट्ट्यावर बसणाऱ्या आजी-आजोबांना समोर सिमेंट बघायला लागू नये, एवढं तर आपण सगळेच मानतो. येत्या रविवारी सकाळी सात वाजता दक्षिणेच्या वाफ्याशी भेटू. येताना कुदळ, फावडं, घमेलं, जे घरात असेल ते आणा.